दिल्लीत ‘आपलं’ काय?

शंकेखोर : दिल्लीला निघालेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एकच यादी असते. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, इंडिया गेट, राजघाट, आणि वेळ उरला तर नॅशनल म्युझियम. वेळ कधीच उरत नाही, कारण करोलबागेतली खरेदी राहिलेली असते. माझा संसार दिल्लीत झाला. त्यामुळे नात्यातल्या, ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या माणसांना ही यादी फिरवून दाखवायचं काम माझ्याकडेच असायचं. तेव्हापासून मनात एक शंका घर करून आहे. ज्याच्या हाती सत्ता होती त्यानं जे ठेवलं तेवढंच उरलं, आणि जे उरलं त्यालाच आपण प्रेक्षणीय म्हणतो. लाल किल्लाच घ्या. शहाजहानचा, १६४८ मध्ये पुरा झालेला किल्ला पाहायला माणसं येतात. आत काय दिसतं? दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, हमाम, रंगमहाल असे मोजके महाल आणि मध्ये नुसती हिरवळ. १८५७ नंतर इंग्रजांनी आतल्या बहुतेक इमारती जमीनदोस्त केल्या आणि गोऱ्या शिपायांसाठी दगडी बराकी बांधल्या. ती हिरवळ त्या पाडापाडीची आहे. गाइड मात्र बादशहा कुठे बसायचा आणि बेगमा कुठून बघायच्या हेच सांगत राहतो. पाडलेल्या भागाबद्दल चकार शब्द नाही. उरलेला तुकडा पूर्ण वस्तू म्हणून दाखवायचा आणि वर तिकीट लावायचं, ह्याला बघणं कसं म्हणायचं?

उत्साही : तुम्ही सांगताय ते खरं आहे, आणि म्हणूनच तिथे जायला हवं असं मी म्हणतो. इंग्रजांनी महाल पाडले हे वाक्य पुस्तकात एका ओळीत संपतं. दिवाण-ए-आममधून निघून उन्हातून दिवाण-ए-खासकडे चालत जाताना मधला उघडा बोडका पट्टा पायाखाली येतो, तेव्हा ती ओळ केवढी लांब आहे ते कळतं. आणि बराकींना नाकं का मुरडता? त्याही इतिहासच आहेत. २०१९ पासून त्यांतल्या काहींमध्ये संग्रहालयं आहेत. एकात १८५७, एकात नेताजी आणि आझाद हिंद सेना, एकात जालियनवाला बाग. ज्यांनी किल्ला मोडला त्यांच्याच बराकीत त्यांच्याविरुद्धच्या लढ्याची मांडणी केलेली, ह्यातला खोचकपणा तुम्हाला आवडायला हवा. शिवाय ह्या एका तटबंदीच्या आत तीन खटले चालले. १८५८ मध्ये बहादूरशहा जफरवर, तोही त्याच्याच दिवाण-ए-खासमध्ये. १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर. आणि १९४८ मध्ये गांधीहत्येचा. न्याय करणारी सत्ता दर वेळी वेगळी आणि आरोपीही वेगळे. असं ठिकाण यादीत नको तर काय हवं? एकदाच दिल्लीला येऊ शकणाऱ्या माणसाला यादी लागतेच. तो काही तुमच्यासारखा पंचवीस हिवाळे तिथे काढणार नाही.

शंकेखोर : यादी लागते, कबूल. पण ती माणसाच्या डोळ्यांवर झापडं बांधते. कुतुबमिनाराच्या आवारात जा. शंभरातली नव्याण्णव माणसं मिनाराचं टोक चिमटीत धरल्याचा फोटो काढतात. तिथेच बाजूच्या हिरवळीवर दगडी छत्री उभी आहे, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. वीज आणि भूकंप खाऊन मिनाराचं डोकं पडलं होतं. रॉबर्ट स्मिथ नावाच्या मेजरनं १८२८ मध्ये ही छत्री त्या डोक्यावर चढवली. बंगाली धाटणीची छत्री सुलतानांच्या मिनारावर. वीस वर्षांनी गव्हर्नर जनरल हार्डिंजला ती इतकी विशोभित वाटली की त्यानं ती खाली उतरवून बागेत ठेवली. एका सरकारी माणसाची आवड आणि दुसऱ्या सरकारी माणसाची नावड, दोन्ही तिथे उघड्यावर आहेत. माझ्या मते त्या आवारातली सर्वांत बोलकी वस्तू तीच. पण ती यादीत नाही, म्हणून ती दिसतच नाही.

उत्साही : तुम्हाला दिसली ना? मिनार पाहायला गेलात म्हणून दिसली. कुणी नुसती छत्री बघायला मेहरौलीपर्यंत गेलं असतं का? मोठ्या गोष्टीच्या ओढीनं माणूस जातो आणि छोटी गोष्ट पदरात पडते, हे पर्यटनाचं जुनं गणित आहे. लोहस्तंभाचंही तसंच. सात मीटरहून थोडा उंच, सहा टनांच्या घरातला, गुप्तकाळातला लोखंडी खांब. पावसापाण्यात उभा राहून गंजला नाही ह्याचं नवल करायला लोक जातात. त्यामागे मंत्रबिंत्र काही नाही. लोखंडात फॉस्फरस जास्त राहिल्यानं पृष्ठभागावर एक पातळ थर धरला आणि त्यानं आतलं लोखंड राखलं, असं आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम ह्यांनी अभ्यास करून मांडलं. मला मात्र तिथे गेलं की खांबाच्या मध्यावरचा गुळगुळीत पट्टा बघायला आवडतं. पाठ टेकून उलट्या हातांनी मिठी मारली आणि बोटं जुळली तर इच्छा पुरी होते, अशी समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी तेवढा भाग घासून निघाला. १९९७ मध्ये कुंपण घातलं आणि मिठ्या थांबल्या. ते कुंपण योग्यच होतं असं माझं मत आहे, तुम्हाला पटो न पटो.

शंकेखोर : नाही पटत. लोकांचा हात लागला की वास्तू बिघडते आणि सरकारचा हात लागला की ती जतन होते, हा कुठला न्याय? तुम्ही एखाद्या गुरुवारी फिरोजशहा कोटल्याला गेला आहात का? क्रिकेटच्या स्टेडियमला खेटून आहे. तुघलकाच्या पडक्या राजवाड्यात लोक जिनांना अर्ज द्यायला येतात. काळ्या पडलेल्या कमानींखाली अगरबत्त्या, पणत्या, गुलाबाच्या पाकळ्या, आणि कोनाड्याकोनाड्यांत कागद. कागद म्हणजे रीतसर अर्ज. नाव, पत्ता, काम काय आहे ते मुद्देसूद. मुलाची नोकरी, नवऱ्याची दारू, कोर्टात अडकलेलं घर. कुठल्या दालनातला जिन हे काम बघतो ते नक्की ठाऊक नसतं, म्हणून त्याच अर्जाच्या झेरॉक्स बाकीच्या कोनाड्यांतही ठेवलेल्या. ह्या शहरात अर्ज कसा करायचा ते ह्या बायकांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. आणि डोक्यावर उभा आहे अशोकाचा स्तंभ, फिरोजशहानं टोपऱ्याहून आणवलेला. सावरीच्या कापसात लपेटून, बेचाळीस चाकांच्या गाडीवरून नदीपर्यंत आणि मग होड्यांतून यमुनेनं. त्यावर काय कोरलंय ते तेव्हा कुणालाच वाचता येईना. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी उलगडली तेव्हा समजलं की तो राजाच्या धर्माज्ञांचा मजकूर आहे. वर राजाचा हुकूम, खाली प्रजेचे अर्ज. दिल्लीत एकच जागा बघायची असेल तर ही बघा. पण ‘टॉप टेन’मध्ये ती सापडायची नाही, कारण ती अजून चालू आहे.

उत्साही : सुंदर आहे हो, कोण नाही म्हणतं! पण त्या पणत्यांची काजळी सहाशे-साडेसहाशे वर्षांच्या भिंतींवर बसते आहे, तिचं काय? गर्दीवर तुमचा इतका विश्वास असेल तर कुतुबमिनाराच्या जिन्याची गोष्टही सांगा. पूर्वी आतून वर चढता यायचं. ४ डिसेंबर १९८१ ला जिन्यातले दिवे गेले, घबराट उडाली, चेंगराचेंगरीत ४५ माणसं गेली, त्यांतली बहुतेक शाळेची मुलं. तेव्हापासून दार बंद आहे. ते दार उघडा असं तुम्ही म्हणाल का? काही वास्तूंना माणसांपासून वाचवावं लागतं आणि कधी माणसांना वास्तूंपासून. हे काम कुणीतरी करायचं असतं, आणि करणारा बहुधा सरकारी नोकरच असतो.

शंकेखोर : दार उघडा असं मी म्हणणार नाही. पण राखणदाराची दुसरी बाजूही ऐका. बाराखंबाची दफनभूमी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत होती. ती शहरात कुठे हरवली ते खात्यालाच सापडेना, आणि शेवटी २०२४ मध्ये ती यादीतून वगळायला काढली. म्हणजे ‘संरक्षित’ असा शिक्का असलेली आख्खी दफनभूमी राजधानीच्या ऐन मध्यावरून नाहीशी झाली. प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स आठवा. राज रेवल ह्यांची रचना, महेंद्र राज ह्यांचं अभियांत्रिकी, १९७२ चं काम. पोलादाऐवजी काँक्रीटच्या सांगाड्यात एवढा मोठा अवकाश झाकला होता, जगभरचे वास्तुविशारद बघायला यायचे. साठ वर्षं झाली नाहीत म्हणून ती वारशात बसत नाही असं ठरलं, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये बुलडोझर फिरला. पंचेचाळीस वर्षांची इमारत साठीला पोचायच्या आत मारली, मग ती साठीची कशी होणार? कुठलं स्थळ ऐतिहासिक ते इतिहास ठरवत नाही, फाइल ठरवते.

उत्साही : ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. हॉल ऑफ नेशन्सचं मलाही वाईट वाटतं. मात्र फाइल चांगलंही ठरवू शकते, त्याचं उदाहरण हुमायूनची कबर. विसाव्या शतकात तिच्या छतावर थरावर थर सिमेंट ओतलं होतं. आगा खान ट्रस्टनं पुरातत्त्व खात्याबरोबर काम हाती घेतलं तेव्हा छतावरून दहा लाख किलोच्या आसपास काँक्रीट काढलं. मूळ कामाला धक्का लागू नये म्हणून हातानं, छिन्नी-हातोडीनं काढलं. चुन्याचा गिलावा पुन्हा आला. छत्र्यांवरच्या निळ्या-हिरव्या टाइल्स बनवायची विद्या इथे लोपली होती, ती निजामुद्दीन बस्तीतल्या पोरांना शिकवून तिथेच भट्ट्या लावल्या. २०१३ मध्ये मुख्य काम संपलं. २०१४ च्या वादळात घुमटावरचा तांब्याचा कळस कोसळला, तोही पुन्हा घडवून बसवला, आणि जुना आता शेजारच्या नव्या भूमिगत संग्रहालयात जवळून बघता येतो. एरवी जमिनीवरून टाचणीएवढा दिसणारा कळस माणसाच्या तिप्पट उंचीचा आहे हे तिथे उमगतं. ह्यात तुम्हाला काय खटकतं ते सांगा बघू.

शंकेखोर : त्या टाइल्स. एकविसाव्या शतकात भाजलेली टाइल सोळाव्या शतकाच्या छत्रीवर झळकते आणि बघणारा म्हणतो, वा, मोगलांचं काय काम आहे! झीज दिसणं हा जुन्या वस्तूचा खरेपणा आहे. तो तुम्ही रंगवून टाकलात.

उत्साही : मग २६, अलीपूर रोडला तुम्ही काय म्हणाल?

शंकेखोर : म्हणजे?

उत्साही : डॉ. आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ ला त्या पत्त्यावर गेले. ते राहिले तो बंगला आज नाही. तिथे २०१८ पासून उघड्या पुस्तकाच्या, म्हणजे संविधानाच्या आकाराचं स्मारक आहे. तुमच्या कसोटीनं तिथे खरं काही नाही. ना भिंत, ना दार, ना झीज. पण नागपूर, औरंगाबाद, सोलापूरहून आलेली माणसं चपला काढून आत जातात. भिंत तीच आहे का हे कुणी विचारत नाही. त्यांना तुम्ही फसलेले म्हणाल?

शंकेखोर : नाही म्हणणार. त्या लोकांना घेऊन मी तिथे गेले आहे. जागा पुरते त्यांना. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं काम बाबासाहेबांनी ज्या जागेवर अखेरपर्यंत केलं, ती जागा. त्यांना बंगल्याचा पुरावा लागत नाही... म्हणजे दगडाचा खरेपणा मी जितका ताणला तितका तो ताणला जात नाही, हे मला मान्य करावं लागेल. तरी मूळ बंगला राखता आला असता तर राखायला हवा होता, हे मी सोडणार नाही. आणि तुमच्या टाइल्सही मला लगेच गोड लागणार नाहीत, कारण हुमायूनच्या कबरीला चपला काढून जाणारं कुणी नाही. तिथे येणाऱ्याला फक्त डोळे आहेत, मग डोळ्यांना तरी खोटं दाखवू नका.

उत्साही : बरं, मग संग्रहालयाकडे या. तिथे तर सगळं खरं आणि काचेत. नॅशनल म्युझियममधली मोहेंजोदडोची नर्तकी उंचीला जेमतेम साडेदहा सेंटिमीटर. शाळेच्या पुस्तकातला फोटो डोक्यात धरून येणारी माणसं तिच्यावरून सरळ पुढे निघून जातात, काहीतरी मोठं शोधत. थांबून पाहिलं तर डावा हात दंडापर्यंत बांगड्यांनी भरलेला, उजवा कमरेवर, हनुवटी वर. साडेचार हजार वर्षांपूर्वीची पोरगी, पण उभी आहे ती कुणाची पर्वा न करता. ह्या एका वस्तूसाठी मी दिल्लीचं भाडं भरीन.

शंकेखोर : आणि त्याच दालनातला हार? मोहेंजोदडोचाच, सोन्याच्या चकत्या आणि हिरवट मणी असलेला. फाळणीत संग्रहांची वाटणी झाली तेव्हा तो मधोमध तोडला. अर्धा भारताला, अर्धा पाकिस्तानला. ज्या माणसांनी तो गुंफला त्यांना ना ह्या देशाचा पत्ता ना त्या. दोन्हीकडचे अधिकारी बसून मणी मोजतात, हे चित्र मला त्या हारापेक्षा स्पष्ट दिसतं. संग्रहालयात वस्तू सुरक्षित असते म्हणता, तर ह्या हाराला चार-साडेचार हजार वर्षं जमिनीत काही झालं नव्हतं. तुटला तो सरकारी कब्जात आल्यावर. आता तो सगळा संग्रह नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये न्यायचं घाटतं आहे. साम्राज्यानं बांधलेल्या आणि मग प्रजासत्ताकानं कारभार केलेल्या त्या इमारती म्हणजे सत्तेचं घर. नर्तकी तिथे जाऊन काय करणार?

उत्साही : हनुवटी वर करून उभी राहील. पण बाई, मला आता तुम्हाला एक विचारायचं आहे. एवढे पाहुणे फिरवलेत, ते सगळ्यांत जास्त काय विचारायचे?

शंकेखोर : ‘इथे आपलं काय आहे?’ हाच प्रश्न. लाल किल्ल्यात, कुतुबला, सगळीकडे. माझ्याकडे दोन उत्तरं असायची. पहिलं सगळ्यांना आवडायचं. १७३७ च्या मार्चमध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर थडकला, तालकटोऱ्यापाशी लढाई झाली. आता तिथे बाग आणि स्टेडियम आहे. ऐकताना छाती भरून यायची. लोकल गाडीत शिवाजी ब्रिज आणि टिळक ब्रिज ही स्टेशनांची नावं वाचून तर फोटो काढायचे, पूर्वी ती मिंटो आणि हार्डिंजच्या नावानं होती हे कळल्यावर दुप्पट आनंद. दुसरं उत्तर मी दिवाण-ए-खासमध्ये द्यायचे. वर बघा म्हणायचे. छत रंगवलेल्या लाकडाचं दिसतं. पूर्वी तिथे चांदी होती. १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंनी दिल्ली घेतली, फौजेला पगार द्यायला पैसा नव्हता, म्हणून छताची चांदी उतरवून वितळवली. पुढच्या जानेवारीत पानिपत. मयूरासन नादिरशहानं १७३९ मध्येच नेलं होतं. चांदी मात्र आपण नेली. हे ऐकलं की पाहुण्यांना एकदम तहान लागायची, पाण्याची बाटली कुठे मिळेल विचारायचे.

उत्साही : पण गोष्ट तिथे संपत नाही. १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत आले, १७७२ च्या जानेवारीत शाह आलमला त्यांनीच तख्तावर परत आणून बसवलं. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरनं ह्याच बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याला पिटाळलं ते महादजींच्या फौजेनं. छत उतरवणारेही आपलेच आणि आंधळ्या बादशहाला सांभाळणारेही आपलेच. हे दोन्ही सांगा ना!

शंकेखोर : सांगते की. आणि शेवटही सांगते. ११ सप्टेंबर १८०३ ला पटपडगंजला इंग्रज सेनापती लेकनं दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सात आहे. उभारला इंग्रजांनी, त्यांच्या विजयाचा. ह्याला आपलं म्हणायचं का? आणि खरी अडचण पुढेच आहे. लाल किल्ल्यातल्या त्या तिसऱ्या खटल्याचा उल्लेख तुम्ही मघाशी ओझरता करून पुढे गेलात. आरोपींतले बहुतेक मराठी होते. तीस जानेवारी मार्गावरच्या बिर्ला हाउसमध्ये गांधीजी शेवटचे १४४ दिवस राहिले. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची पावलं जमिनीवर उठावात केलेली आहेत. खोटीच, नंतर बसवलेली. त्यांच्या बाजूनं चालत गेलं की ती एका जागी थांबतात. तिथे एकाही मराठी पाहुण्यानं मला ‘इथे आपलं काय?’ असं विचारलेलं नाही.

उत्साही : तिथे विचारण्यासारखं काय आहे? खून एका माणसानं केला, कटात काही जण होते. त्याचा हिशेब आख्ख्या भाषेच्या नावावर टाकणं मला मान्य नाही.

शंकेखोर : मग तालकटोऱ्याचा विजय आख्ख्या भाषेच्या नावावर का जमा करता?

उत्साही : कारण बाजीराव राज्याच्या वतीनं लढत होता. तो मारेकरी कुणाच्याच वतीनं आला नव्हता.

शंकेखोर : तो तसं म्हणाला नसता. आणि भाऊ राज्याच्या वतीनंच आले होते. चांदी तरी घ्याल का नावावर?

उत्साही : चांदी घेतो. बिर्ला हाउस नाही घेत. पण तिथे जायचं टाळणारही नाही, आणि कुणी घेऊन आलं तर पाण्याची बाटली विचारणार नाही. इतकंच आत्ता म्हणू शकतो. माझी पुतणी डिसेंबरात दोन्ही पोरांना घेऊन दिल्लीला जाते आहे. यादीला एवढी नावं ठेवलीत, तर तिला तुमची यादी द्या.

शंकेखोर : दिवाण-ए-खासचं छत. कुतुबच्या हिरवळीवरची छत्री. गुरुवारी कोटला. अलीपूर रोड. बुराडीचं कोरोनेशन पार्क. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला आणल्याची घोषणा तिथेच झाली, आणि इंडिया गेटजवळच्या छत्रीखालून काढलेला पाचवा जॉर्ज आता तिथल्या मोकळ्या मैदानात उभा आहे. पोरांसाठी चाणक्यपुरीचं रेल्वे म्युझियम, तिथे पतियाळाची एका रुळावर चालणारी वाफेची गाडी आहे. आणि बिर्ला हाउस.

उत्साही : नर्तकी कुठे आहे ह्यात? हुमायूनची कबर?

शंकेखोर : नर्तकी घाला. हुमायूनचं तुमचं तुम्ही सांगा तिला, टाइल्सबद्दल माझं काय म्हणणं आहे तेही सांगा, आणि मग ती काय ठरवते बघू. फक्त सोमवार टाळायला सांगा. सोमवारी म्युझियमही बंद आणि लाल किल्लाही.